वाघोलीचा स्फटिक, मटकीचा मोड आणि विषाणू: सजीव म्हणायचं कोणाला?

पुण्याहून नगर रोडने निघालं की खराडी मागे पडते आणि वाघोली येतं. आता तिथं जिकडेतिकडे सोसायट्या उभ्या राहिल्यात, पण जगभरच्या खनिजं जमवणाऱ्या लोकांना वाघोली ठाऊक आहे ती तिथल्या दगडखाणींमुळे. दगड फोडताना काळ्या बेसॉल्टमधल्या पोकळ्या उघड्या पडतात आणि त्यांत कधी कधी कॅव्हनसाइट सापडतं. गडद निळ्या, सुईसारख्या स्फटिकांचा गोंडा, बऱ्याचदा स्टिलबाइट या पांढऱ्या खनिजावर बसलेला. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि थोडं पाणी, एवढाच त्यातला ऐवज. खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली ही द्रव्यं थरावर थर बसत गेली आणि गोंडा वाढत गेला.

आणि शाळेच्या विज्ञानात सजीवांचं एक लक्षण दिलेलं असतं: वाढ. मग हा गोंडा सजीव का नाही? वर्गात कुणी असं विचारलं तर बाकीची पोरं हसतील, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हसणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचं धड उत्तर देता येईल, याची मला शंका आहे.

सजीवांच्या लक्षणांची यादी आपण सगळ्यांनी घोकलेली असते. वाढ, श्वसन, उत्सर्जन, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन, पेशीमय रचना, ठरावीक आयुष्य. पुढच्या इयत्तांत त्यात चयापचय, समस्थिती, आनुवंशिकता, अनुकूलन आणि उत्क्रांती ही भर पडते. यादी चुकीची नाही. गोंधळ होतो तो ती प्रवेशपरीक्षेसारखी वापरली की. प्रत्येक विषयात पास झाला तर सजीव, एकात नापास झाला तर निर्जीव, असा हिशेब जीवशास्त्रात चालत नाही. त्यापेक्षा प्रत्येक लक्षणापाशी थांबून दोन प्रश्न विचारावेत: हे करणारं निर्जीव कोण? आणि हे न करणारा सजीव कोण? असं करत गेलं की यादीतली काही लक्षणं अगदीच किरकोळ निघतात, आणि काही मात्र खोलवर घेऊन जातात.

किरकोळ म्हणजे उदाहरणार्थ हालचाल. रिक्षा हलते, मुठेचं पाणी वाहतं, वडाचं झाड आयुष्यभर जागचं हलत नाही. झाडही हलतं, म्हणजे त्याची फांदी प्रकाशाकडे वळते, पेशीच्या आतला द्रव फिरत असतो, असं म्हणून आपण झाडाला पास करून घेतो खरे. पण मग लक्षणाची धारच जाते. उत्सर्जनाचंही तेच. जुनी स्कूटर सिग्नलला जे काही सोडत उभी असते त्याला उत्सर्जन नाही तर काय म्हणायचं? ही दोन्ही लक्षणं खोटी नाहीत, पण त्यांच्या मागे जे चालू असतं ते महत्त्वाचं, आणि त्याकडे आपण येऊच.

आधी वाढ. इथं जरा वेळ काढायला हवा.

मिसळीसाठी मटकी भिजत घातली की सकाळपर्यंत दाणे टम्म फुगतात. बघणाऱ्याला वाटतं, झाली वाढ सुरू. पण हे फुगणं अजून जिवंतपणाचं लक्षण नाहीच. कोरड्या दाण्यातली प्रथिनं आणि पिठूळ द्रव्यं पाणी शोषतात, एवढंच. मेलेलं बी भिजवलं तरी ते असंच फुगतं. खरा फरक त्यानंतर पडतो. पाणी आत पोचलं की जिवंत दाण्याचा श्वासोच्छ्वास वेगाने सुरू होतो, विकरं म्हणजे एन्झाइम कामाला लागतात, डाळिंब्यांत साठवलेल्या स्टार्चची साखर होऊ लागते, आणि दाण्याच्या एका कडेला टरफल फाडून पांढरं टोक बाहेर येतं. ज्याला आपण मोड म्हणतो ते सुरुवातीला खरं तर रोपाचं मूळ असतं. फडक्यात घट्ट बांधलेल्या, मोड आलेल्या मटकीच्या पुरचुंडीत बोट खुपसून पाहा. आत कोमट लागतं. हजारो दाणे एकदम श्वसन करत असतात, त्याची ती ऊब.

आता हा मोड आणि कॅव्हनसाइटची सुई शेजारी ठेवा. सुई वाढते ती बाहेरून. पाण्यात जे द्रव्य आधीपासून तयार आहे तेच तिच्या पृष्ठभागावर येऊन बसतं. सुईच्या गाभ्यात काहीही घडत नाही, तो जसा बसला तसा राहतो. मोड वाढतो तो आतून. मटकीच्या दाण्यात मूळ नावाची वस्तू भरपूर साठवून ठेवलेली नव्हती. होतं ते स्टार्च, प्रथिनं, थोडा मेद, आणि मधोमध इवलासा अंकुर. त्या साठ्याची मोडतोड करून, त्यातून वेगळीच द्रव्यं घडवून, पेशींची विभागणी करून मूळ तयार झालं. टोकाशी एक काम, त्याच्या मागच्या भागात दुसरं, वर तिसरं. वाढीबरोबर घडण बदलते. स्फटिक कितीही मोठा झाला तरी त्याला मूळ-खोड-पान असे वेगळे भाग फुटत नाहीत.

त्याच भांड्यात दोन-चार दाणे न फुगलेले, खड्यासारखे राहतात. हे गणंग दाणे सुगरणीच्या शिव्या खातात, दाताखाली येतात तेव्हा आपल्याही. पण त्यातले पुष्कळसे मेलेले नसतात. त्यांचं टरफल इतकं घट्ट असतं की पाणी आतच जात नाही. पॉलिश पेपरवर घासून टरफलाला ओरखडा पाडला आणि पुन्हा भिजवलं तर यातल्या बऱ्याच दाण्यांना मोड येतो. निसर्गात हा शहाणपणाचा सौदा आहे: सगळंच बी पहिल्या पावसाला उगवलं आणि पाऊस दडी मारून बसला तर अख्खी पिढी गेली.

मटकीचा शेवटचा प्रयोग. मूठभर दाणे उकळून घ्या आणि मग मोड आणायचा प्रयत्न करा. काही होणार नाही, हे सांगायला जीवशास्त्र लागत नाही. पण का होणार नाही, ते सांगायला लागतं. उकडलेल्या दाण्यात कार्बन तितकाच आहे, नायट्रोजन तितकाच आहे, स्टार्चही जवळपास तितकंच. गेली ती मांडणी. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उलगडल्या आणि पेशींची पटलं फाटली. म्हणजे जिवंतपणा हा कुठल्या खास द्रव्यात नसतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत सजीवांत एखादी वेगळी 'प्राणशक्ती' असते असं मानणारे बरेच शास्त्रज्ञ होते. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि मूत्रातला पदार्थ मूत्रपिंडाशिवाय बनू शकतो हे दिसलं. त्या कल्पनेला लागलेल्या धक्क्यांपैकी हा एक.

ही मांडणी जिथं राहते ते घर म्हणजे पेशी. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले, त्यांना 'सेल' हे नाव दिलं. गंमत अशी की त्यांनी पाहिलेल्या पेशी मेलेल्या होत्या, नुसत्या भिंती उरलेल्या. पेशीमय रचना हे यादीतलं सगळ्यात भक्कम लक्षण, कारण पेशींनी बनलेली पण सजीवांशी काही संबंध नसलेली वस्तू आजवर सापडलेली नाही. तरी पहिला प्रश्न विचारायचाच. शनिवार पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याचं सागवानी दार पेशींनीच बनलेलं आहे, आणि ते सजीव नाही. इतकंच काय, उभ्या, पालवी फुटणाऱ्या झाडाच्या खोडातलं बहुतांश लाकूड मेलेल्या पेशींचंच असतं. पाणी वर नेणाऱ्या नळ्या तर मेल्यावरच कामाला येतात. आपले केस आणि नखांची टोकं ही तशीच. तेव्हा पेशी असणं हा पुरावा आहे, पण पुरेसा नाही. पेशीत काहीतरी चालू असायला हवं.

ते 'काहीतरी' म्हणजे चयापचय, पेशीतली सततची रासायनिक उलाढाल. नुसतं खुर्चीत बसलेल्या माणसाचं शरीर साधारण ८० वॅट दराने ऊर्जा खर्च करत असतं, म्हणजे छताच्या जुन्या पंख्याइतकी. काम काही नाही, तरी बिल चालू! ही ऊर्जा जाते कुठे? हृदय, मेंदू, यकृत यांचा वाटा आहेच, पण पेशीच्या पातळीवर पाहिलं तर एक मोठा खर्च विलक्षण आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या पटलावर असलेले पंप सोडियम बाहेर फेकत असतात आणि पोटॅशियम आत ओढत असतात. सोडियम आत झिरपतो, पंप त्याला पुन्हा बाहेर काढतो. अखंड. हे चालतं एटीपी नावाच्या रेणूवर. तो शरीरात एका वेळी पाव किलोच्या आतच असतो, पण इतक्यांदा मोडतो आणि पुन्हा बनतो की दिवसभराची बेरीज आपल्या स्वतःच्या वजनाच्या आसपास जाते.

आणि एवढा आटापिटा करून साधतं काय? आत आणि बाहेर सारखं होऊ न देणं. मला विचाराल तर सगळ्या यादीची नस इथं आहे. निर्जीव वस्तू सोडून दिली की भोवतालाशी जुळवून घेत जाते: गरम चहा निवतो, लोखंड गंजतं, मीठ पाण्यात विरघळून सगळीकडे सारखं पसरतं. सजीव सतत ऊर्जा खर्चून भोवतालापेक्षा वेगळा राहतो. पोषण, श्वसन, उत्सर्जन हे त्याच एका उद्योगाचे तीन भाग: कच्चा माल आणि इंधन आत घेणं, इंधन जाळणं, राख बाहेर टाकणं. तीन वेगळी लक्षणं म्हणून पाठ केली की हा धागा हरवतो. मृत्यूनंतर पंप थांबतात आणि आत-बाहेरचा फरक मिटत जातो.

मग न करणारा सजीव कोण? डब्यातली कोरडी मटकी. तिचा चयापचय इतका मंद असतो की जवळजवळ थांबलेलाच. इस्राएलमध्ये मसाडा किल्ल्याच्या उत्खननात मिळालेलं खजुराचं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बी २००५ मध्ये पेरलं आणि ते उगवलं. दोन हजार वर्षं ते सजीव होतं की निर्जीव? आपल्या सह्याद्रीच्या कातळावर वाढणारी काही गवतं आणि नेचे उन्हाळ्यात पार वाळून कुरकुरीत होतात आणि पावसाचं पाणी लागताच पुन्हा हिरवे होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या अशा वनस्पतींचा मुद्दाम अभ्यास केला आहे. या सगळ्यांत उद्योग थांबलेला आहे, पण मांडणी शाबूत आहे. उकडलेल्या मटकीत मांडणीच मोडली होती. म्हणून वाळलेलं बी सुप्त, आणि उकडलेलं मृत.

वेगळं राहायचं म्हणजे आतली परिस्थिती एका मर्यादेत ठेवायची. याला समस्थिती म्हणतात. एप्रिल-मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हाही आपल्या शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपासच असतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागाला रक्त तापल्याचं कळतं, तो कातडीकडचा रक्तप्रवाह वाढवतो आणि घामाच्या ग्रंथींना कामाला लावतो. एक लिटर घाम वाळला तर तो जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळला तर, हे महत्त्वाचं. मुंबईत नुसता निथळतो. (पुणेकराला एवढं म्हणायची संधी सोडवत नाही.) रक्ताचा सामू (पीएच) ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवणं, साखरेची पातळी राखणं, हेही असंच अहोरात्र चालू असतं.

निर्जीव कोण करतं हे? माठ. मातीच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. घामाचंच शास्त्र. पण माठाला किती गार करायचं हे ठरलेलं नसतं. हवा दमट झाली की तो काही उपाय करत नाही. बरं, मग फ्रीज? त्याला तापमान ठरवून दिलेलं असतं, ते वाढलं की तो स्वतःहून कॉम्प्रेसर चालू करतो, वीज खातो, मागच्या बाजूने उष्णता बाहेर टाकतो. समस्थिती, चेतनाक्षमता, ऊर्जेचा वापर, उत्सर्जन, सगळं आहे. अडतं कुठे? गॅस गळायला लागला की फ्रीजवाल्याला फोन करावा लागतो. फ्रीज आपली गळती बुजवत नाही, आपला पत्रा घडवत नाही. विळीने कापलेलं बोट मात्र आपलं आपण भरून येतं. तिथं रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी धावतात, नवी कातडी तयार होते, आणि हे सगळं करणारी यंत्रणाही शरीरानेच बनवलेली असते. आपल्या तांबड्या रक्तपेशी साधारण १२० दिवस टिकतात. त्यांच्या जागी अस्थिमज्जा दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी तयार करते. स्वतःला टिकवणारी यंत्रणा स्वतःच घडवणं, हे फ्रीजला जमत नाही.

चेतनाक्षमतेसाठी लाजाळूचं उदाहरण सगळेच देतात, पण पान मिटतं कसं ते क्वचितच कुणी सांगतं. पानाच्या आणि पर्णिकांच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. स्पर्श झाला की विजेचा एक क्षीण संदेश तिथवर जातो. सांध्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतो, त्यापाठोपाठ पाणीही, आणि पेशी सैल पडल्या की तो भाग दुमडतो. स्नायू नाही, मज्जातंतू नाही. पुन्हा उघडायला काही मिनिटं लागतात, कारण ते पाणी परत आत भरायला ऊर्जा खर्चावी लागते. वनस्पतींतले असे विद्युतसंदेश जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजून दाखवले होते. मॉलचा काचेचा दरवाजाही आपण जवळ गेलो की उघडतो, पण उघडल्या-न उघडल्याने त्या दरवाजाचं स्वतःचं काही बिघडत नाही.

आता प्रजनन. दरवर्षी उन्हाळा आला की मुळा-मुठेच्या पात्रात आणि पाषाण तलावात जलपर्णी पसरते आणि वर्तमानपत्रांत तिचे फोटो येतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस तिला आयताच मिळतो. बी धरण्याचीही वाट पाहत नाही. आडवे धुमारे फोडते, धुमाऱ्याच्या टोकाला नवं रोप, त्याला पुन्हा धुमारे. प्रजनन हे सजीवाचं लक्षण म्हणून याहून ठसठशीत उदाहरण पुणेकराला नको. पण खेचर? घोडी आणि गाढव यांच्या संकरातून झालेलं खेचर ओझी वाहतं, खातं, आजारी पडतं, पण त्याला सहसा पिल्लं होत नाहीत. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या बहुतेक कामकरी माश्याही अंडी घालत नाहीत. ते निर्जीव आहेत असं कुणी म्हणणार नाही. प्रजनन हे एकेका जिवापेक्षा त्याच्या वंशाचं लक्षण आहे, असं धरलं की घोळ सुटतो. एखादा जीव पिल्लांशिवाय जगू शकतो. जातच पुनरुत्पादनाशिवाय राहिली तर एका पिढीत संपते.

आणि दिव्याची ज्योत सजीव का नाही, हा प्रश्नही इथंच निकालात निघतो. ज्योत ऑक्सिजन घेते, इंधन खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, वाऱ्याला प्रतिसाद देते, मोठी होते, आणि एका पणतीवरून दुसरी पणती लावता येते, म्हणजे तिची संख्याही वाढते. यादी पाठ असलेला विद्यार्थी इथं गडबडतो. पण दुसऱ्या पणतीची ज्योत केवढी, कुठल्या रंगाची, हे तिच्या वातीवर आणि तेलावर ठरतं. पहिल्या ज्योतीने तिला काहीही सांगितलेलं नसतं. वारसा नाही. जलपर्णीच्या नव्या रोपाकडे मात्र पान कसं घडवायचं, देठात हवा भरून तरंगायचं कसं, याच्या सगळ्या सूचना डीएनएच्या रूपात आलेल्या असतात.

या सूचनांची लिपी जवळपास सगळ्या सजीवांत एकच आहे, आणि ही काही तात्त्विक बाब नाही. १९७८ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या इन्सुलिनचा संकेत ई. कोलाय या जीवाणूत घातला आणि त्या जीवाणूने तो वाचून मानवी इन्सुलिनची साखळी बनवली. १९८२ मध्ये असं इन्सुलिन औषध म्हणून बाजारात आलं. त्याआधी डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडांतून काढलेलं इन्सुलिन वापरावं लागे. आतड्यातला जीवाणू माणसाची चिठ्ठी वाचू शकतो, याचा सरळ अर्थ दोघांचा पूर्वज कधीकाळी एक होता. चिठ्ठी उतरवून घेताना अधूनमधून चुका होतात. त्यातली एखादी उपयोगी पडली तर टिकते, पुढे पसरते. उत्क्रांती म्हणतात ती हीच. तिला वारसा लागतो आणि वारशात किंचित फरकही लागतो. दोन्हींपैकी एक नसेल तर ती घडत नाही.

एवढी तयारी झाल्यावर विषाणूकडे वळायला हरकत नाही, आणि त्यासाठी पुण्यासारखं गाव नाही. इथं १९५२ मध्ये इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. त्याचंच १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं, म्हणजे सगळे ज्याला एनआयव्ही म्हणतात ते. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली, माणसंही तापाने फणफणली, तेव्हा गोचिडांतून पसरणारा तो नवा विषाणू शोधून काढला याच संस्थेच्या लोकांनी. २०२० मध्ये कोरोनाचा विषाणूही इथं वेगळा करून वाढवण्यात आला.

'वाढवण्यात आला' म्हणजे नेमकं काय केलं? जीवाणू वाढवायचा असेल तर काचेच्या बशीत आगर आणि पोषकद्रव्यं घालून भागतं. विषाणूला असल्या बशीत टाकलं तर काही म्हणजे काही होत नाही. त्याला जिवंत पेशी द्याव्या लागतात. कोरोनासाठी व्हेरो नावाच्या पेशी वापरल्या गेल्या. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानमध्ये घेतलेल्या पेशींचा हा वंश आजही प्रयोगशाळांतून चालू आहे. विषाणूला स्वतःची पेशी नाही, एटीपी बनवायची सोय नाही, प्रथिनं घडवणारे रायबोसोम नाहीत. सोडियम बाहेर फेकण्याचा प्रश्नच नाही, कारण आत-बाहेर असा भेद राखायला तो ऊर्जाच खर्चत नाही. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅनली यांनी तंबाखूच्या पानावरच्या रोगाचा विषाणू चक्क स्फटिकरूपात मिळवला. वाळवून बाटलीत ठेवा, विरघळवून पानाला चोळा, रोग हजर. यासाठी पुढे त्यांना नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं.

म्हणजे निर्जीव? थांबा. दुसऱ्याच्या पेशीवाचून वाढता येत नाही एवढ्यावर निकाल देता येत नाही. कुष्ठरोगाचा जीवाणूही कृत्रिम पोषकद्रव्यात वाढवता आलेला नाही, आणि त्याच्या सजीव असण्याबद्दल कुणाला शंका नाही. फरक दुसरीकडे आहे. हा जीवाणू शरीरात शिरला तरी पूर्ण पेशी म्हणूनच राहतो, वाढतो, एकाचे दोन होतो. विषाणू पेशीत शिरला की सुटा होतो. त्याचा जनुकीय संदेश मोकळा होतो, पेशीची यंत्रणा त्यावरून सुटे भाग बनवते, आणि भाग जुळून एकदम शेकडो-हजारो नवे विषाणू तयार होतात. छोटा विषाणू मोठा झाला, असं कधीच होत नाही. वाढ हे लक्षण, जे आपण स्फटिकापाशी इतकं ताणून पाहिलं, ते विषाणूत मुळीच नाही.

पण वारसा आहे. चुका आहेत. उत्क्रांती तर इतकी की डेल्टा, ओमायक्रॉन ही नावं घराघरांत पोचली. ज्योतीकडे जे नव्हतं नेमकं तेच विषाणूकडे आहे, आणि ज्योतीकडे जे होतं, म्हणजे सतत इंधन जाळणं, ते विषाणूकडे नाही. स्वतःला टिकवणं आणि वारसा पुढे देणं, या दोन गोष्टी बाकी सजीवांत एकत्र असतात. विषाणूत त्यांची फारकत झालेली दिसते. माझं मत विचाराल तर बाटलीतला विषाणूकण निर्जीव, आणि विषाणूने ताबा घेतलेली पेशी सजीव. अनेक जीवशास्त्रज्ञ याच्याशी सहमत होणार नाहीत. परीक्षेत मात्र 'सजीव आणि निर्जीव यांच्या सीमारेषेवर' असं लिहावं, मार्क कापले जात नाहीत.

नासाने १९९४ च्या सुमारास एका समितीकडून जीवसृष्टीची कामचलाऊ व्याख्या करून घेतली होती: स्वतःला टिकवणारी, डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. यात हालचाल, श्वसन, चेतना काहीही नाही, फक्त वरच्या दोन गोष्टी आहेत. अडचण एवढीच की परग्रहावर यान पाठवून एखादी गोष्ट उत्क्रांत होते का हे बघत बसायला वेळ नसतो. तिथं यादीतलं एखादं मोजता येण्याजोगं लक्षणच धरावं लागतं. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांनी हेच केलं. त्यांच्या एका प्रयोगात मंगळाच्या मातीवर पोषकद्रव्याचा थेंब टाकला. त्यातला कार्बन किरणोत्सारी होता. कुणी ते खाऊन वायू सोडला तर यंत्राला कळणार, अशी युक्ती. वायू आला! माती आधी १६० अंशांपर्यंत तापवली तर येत नव्हता, म्हणजे उकडलेल्या मटकीसारखाच निकाल. मात्र दुसऱ्यांदा थेंब टाकला तेव्हा वायू वाढला नाही; सूक्ष्मजीव असते तर नवं अन्न मिळाल्यावर आणखी फोफावले असते. शिवाय यानावरच्या दुसऱ्या उपकरणाला मातीत सेंद्रिय रेणू सापडले नाहीत. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट आढळलं. मातीतल्या अशा तीव्र रसायनांमुळेही पोषकद्रव्यातून वायू निघू शकतो, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञ तो निकाल रसायनांच्या खाती टाकतात. प्रयोग आखणारे गिल्बर्ट लेव्हिन यांना ते पटलं नाही. २०२१ मध्ये ते वारले, तोवर आपल्या यंत्राला जीवच सापडला होता या मतावर ते ठाम होते.